होल्डवरचा फोन: गाणे सर्वांत शेवटी निवडा

फोन करणाऱ्याला ताटकळत ठेवावे लागणारच असेल, तर तेवढ्या वेळात त्याला काहीतरी ऐकवावे, हे आता बहुतेक कार्यालयांना पटलेले आहे. चुकतो तो कामाचा क्रम. यंत्रणा बसवली जाते, कोणीतरी स्वतःच्या आवडीचे गाणे आणून देते, त्यावर 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे' हे वाक्य दर वीस सेकंदांनी चढवले जाते आणि काम झाले असे समजले जाते. पलीकडच्या माणसाला मात्र आपला नंबर कितवा आहे, अजून किती वेळ लागेल, फोन चालू आहे की कट झाला, यांपैकी काहीच कळत नाही. आणि ते कळेपर्यंत कोणतेही संगीत त्याचे मन रमवू शकत नाही. म्हणून येथे दिलेला क्रम असा आहे: आधी मोजमाप, मग रांगेची माहिती, मग निवेदनाचा मजकूर, आणि त्यानंतर गाणे. दोन-चार एक्स्टेंशनांचा ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातली अंतर्गत टेलिफोन यंत्रणा, असो किंवा शंभर प्रतिनिधींचे कॉल सेंटर असो, हा क्रम बदलत नाही.

टप्पा १: वाट किती पाहावी लागते ते मोजा

यंत्रणेतून किमान दोन आठवड्यांच्या कॉलची नोंद काढावी. तीत प्रत्येक कॉल रांगेत किती वेळ होता, तो दिवसाच्या कोणत्या तासाला आला, आणि उचलला जाण्याआधीच कोणी फोन ठेवला असेल तर नेमका कितव्या सेकंदाला ठेवला, एवढे दिसले पाहिजे. छोट्या यंत्रणेत अशी नोंद मिळत नसेल, तर फोन घेणाऱ्यांनी आठवडाभर कागदावर वेळ टिपली तरी काम भागते.

येथे पहिली चूक होते ती सरासरीवर विसंबण्याची. समजा, शंभर कॉलपैकी ऐंशी कॉल अर्ध्या मिनिटाच्या आत उचलले गेले आणि उरलेल्या वीस जणांना सरासरी आठ मिनिटे थांबावे लागले, तर एकूण सरासरी दोन मिनिटांच्या आसपास निघेल. पण प्रत्यक्षात दोन मिनिटे थांबलेला माणूस त्यांत बहुधा एकही नसेल. त्यामुळे सर्व वेळा चढत्या क्रमाने लावाव्यात आणि शंभरांतल्या नव्वदाव्या कॉलला किती वेळ लागला, तो आकडा घ्यावा. यापुढचे सगळे नियोजन त्या आकड्यावर करावे.

हा आकडा अर्ध्या मिनिटाहून कमी असेल, तर निवेदने, प्रश्नमंजूषा वगैरे काहीही करू नये. मधूनच सुरू झाले आणि मधूनच तुटले तरी खटकणार नाही, असे साधे वाद्यसंगीत पुरेसे असते. आकडा एक ते दहा मिनिटांच्या दरम्यान असेल, तर पुढचे सर्व टप्पे उपयोगी पडतील. दहा मिनिटांहून अधिक असेल, तर करमणुकीवर खर्च करण्याआधी टप्पा ३ मधली, कार्यालयाने स्वतः परत फोन करण्याची सोय उभारावी, कारण तेवढा वेळ कानाला फोन लावून बसलेल्या माणसाला उत्तम संगीताचाही जाच होतो.

*तपासा:* फोन उचलला जाण्याआधी वाजणारी रिंग किंवा कॉलर ट्यून या मोजमापात धरलेली नाही ना? ती बहुधा टेलिफोन कंपनीकडून येते. होल्डचा वेळ तुमच्या यंत्रणेने कॉल स्वीकारल्या क्षणापासून सुरू होतो, आणि पुष्कळदा कॉलचे पैसेही तेव्हापासूनच लागू होतात.

टप्पा २: होल्डचे प्रकार वेगळे करा

एकच ध्वनिफाईल सगळीकडे लावणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या प्रसंगी माणूस होल्डवर असतो आणि तिन्ही वेळी त्याची मनःस्थिती वेगळी असते.

पहिला प्रसंग रांगेचा. त्याच्याशी अजून कोणीही बोललेले नसते. माहिती, निवेदन आणि करमणूक यांची खरी गरज येथे असते.

दुसरा प्रसंग बोलणे चालू असतानाचा. प्रतिनिधी फाईल शोधायला किंवा वरिष्ठांना विचारायला जातो आणि कॉल होल्डवर टाकतो. अशा वेळी 'आमच्याकडे फोन केल्याबद्दल धन्यवाद' असे निवेदन सुरू झाले, की आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन पडलो, असे त्या माणसाला वाटते आणि तो फोन ठेवतो. येथे निवेदन अजिबात नसावे. केवळ संगीत, तेही सौम्य.

तिसरा प्रसंग कॉल दुसऱ्या विभागाकडे वळवण्याचा. येथे संगीत पहिल्यासारखेच पुढे चालू राहिले, तर आपला कॉल हरवला नाही एवढा दिलासा मिळतो. दर वळणावर नवे गाणे आणि नवे स्वागत ऐकवणारी यंत्रणा माणसाला अकारण हैराण करते.

बहुतेक यंत्रणांत प्रत्येक रांगेला आणि प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळा संगीतगट जोडता येतो. अ‍ॅस्टरिस्कसारख्या मुक्त टेलिफोन प्रणालीतही ही सोय आहे. यंत्रणा बसवणाऱ्याकडे ती नावाने मागावी लागते, कारण न मागता सगळीकडे मूळचीच एक फाईल राहते.

*सावधान:* तुमच्या कार्यालयातील कोणी बाहेरच्या लोकांसह कॉन्फरन्स कॉलवर असताना स्वतःची लाईन होल्डवर टाकली, तर तुमचे होल्ड संगीत त्या बैठकीतल्या सर्वांच्या कानांवर आदळू शकते. कॉन्फरन्समध्ये नेहमी म्यूट वापरावे, होल्ड नव्हे, ही सूचना फोनशेजारी चिकटवून ठेवावी.

टप्पा ३: रांगेची माहिती द्या

करमणुकीचा सगळा भाग या टप्प्यावर उभा आहे. किती थांबायचे हे माहीत असलेला माणूस स्पीकर चालू करून दुसरे काम हाती घेतो आणि संगीत त्याच्यापुरते सुसह्य होते. ते माहीत नसलेला माणूस प्रत्येक स्वराला आता कोणी बोलेल म्हणून कान टवकारतो.

अंदाजे वेळ काढण्याचे गणित सोपे आहे. एखाद्याच्या आधी ६ जण असतील, तर ते सहा आणि तो स्वतः धरून एकूण ७ वेळा एखादा प्रतिनिधी मोकळा व्हावा लागतो. एका कॉलला सरासरी ४ मिनिटे लागत असतील आणि ३ प्रतिनिधी काम करत असतील, तर ७ गुणिले ४ भागिले ३, म्हणजे सव्वानऊ मिनिटांच्या आसपास वेळ येतो. तो 'आठ ते बारा मिनिटे' असा सांगावा. नऊ मिनिटे सांगून अकरा लावण्यापेक्षा बारा सांगून नऊ लावणे केव्हाही बरे.

या गणितात दोन जागी घोटाळा होतो. कॉल संपल्यावर प्रतिनिधी नोंदी भरतो तो वेळ बहुधा धरलाच जात नाही. आणि यंत्रणेत लॉगिन असलेले पण जेवायला गेलेले प्रतिनिधीही मोजले जातात. दोन्हींमुळे सांगितलेला वेळ खऱ्यापेक्षा कमी येतो. दोन-तीन दिवस सांगितलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहून पाहावा आणि मगच घोषणा सुरू करावी.

रांगेतला क्रमांक सांगायचा असेल, तर तो खाली सरकेल तेव्हाच सांगावा. 'आपण रांगेत पाचवे आहात' हे वाक्य लागोपाठ तीनदा ऐकणे त्रासदायक असते. तातडीच्या कॉलना मध्ये घुसवण्याची व्यवस्था असेल, तर एखाद्याचा क्रमांक पाचावरून सहावर जाऊ शकतो. अशा ठिकाणी क्रमांक न सांगता फक्त वेळेचा पल्ला सांगावा.

परत फोन करण्याची सोय देताना तीन गोष्टी पक्क्या हव्यात: रांगेतली जागा राखली जाते, ज्या नंबरवरून फोन आला तोच नंबर वाचून दाखवून फोन करणाऱ्याला दुरुस्तीची संधी मिळते, आणि परतीचा फोन उचलला गेला नाही तर दुसऱ्यांदा केव्हा केला जाईल हे आधीच सांगितले जाते. जेथे परत फोन खरोखर केला जात नाही, तेथे ही सोय जाहीर करणे हा फसवणुकीचाच प्रकार होय.

टप्पा ४: निवेदनाचा मजकूर लिहा

मजकूर आधी कागदावर लिहावा, मोठ्याने वाचावा आणि घड्याळ लावून मोजावा. एका निवेदनाला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर त्याचे दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे समजला पाहिजे, कारण अनेक यंत्रणांत ध्वनिफीत अखंड फिरत असते आणि फोन करणारा तिच्यात मध्येच कोठेतरी शिरतो.

नेहमी ऐकू येणारा मजकूर असा असतो: 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत. कृपया लाईनवर राहा.' या तीन वाक्यांत ऐकणाऱ्याला आधी माहीत नव्हते असे काहीही नाही, आणि पहिल्या वाक्यावर तर दुसऱ्या वेळेनंतर कोणाचाही विश्वास राहत नाही.

त्याऐवजी असे लिहावे: 'आपल्या आधी चार जण आहेत. साधारण सहा ते आठ मिनिटे लागतील. बिलाबद्दल बोलायचे असल्यास बिलाच्या वरच्या कोपऱ्यातला ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा.' यात वेळ कळतो आणि हातांना काम मिळते. माणूस उठतो, कागद शोधतो, चष्मा लावतो, आणि एवढ्यात दोन मिनिटे सरतात. शिवाय प्रतिनिधीने फोन घेतल्यावर 'जरा थांबा हं, बघतो' यात जाणारा वेळ वाचून मागची रांगही लवकर पुढे सरकते. मला विचाराल तर होल्डवरची सर्वांत चांगली करमणूक हीच आहे: माणसाला त्याच्याच कामाचे काहीतरी करायला देणे.

असे मुद्दे कोठून आणायचे, हा प्रश्न पडत असल्यास प्रतिनिधींना विचारावे की दर कॉलला पहिल्या मिनिटात तुम्ही काय काय विचारता. पावती क्रमांक, खरेदीची तारीख, यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा आकडा, दिवा लाल लागला आहे की हिरवा, अशी यादी आपोआप तयार होते. प्रत्येक मुद्द्याचे एक निवेदन करावे.

'हीच माहिती आमच्या संकेतस्थळावर मिळेल' हे वाक्य फार जपून वापरावे. पुष्कळांनी तेथे जाऊन, हात टेकून मगच फोन केलेला असतो. सांगायचेच असेल, तर नेमके कोणते काम तेथे होते ते सांगावे: 'फक्त पत्ता बदलायचा असल्यास तो अर्ज ऑनलाइन भरता येतो.'

जाहिरातीबाबत माझे मत स्पष्ट आहे. तक्रारीसाठी फोन करणाऱ्याला नव्या योजनेची जाहिरात ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. विक्रीच्या रांगेत ती चालेल. तीही चार निवेदनांत एक, याहून अधिक नाही.

*सावधान:* निवेदनाची सुरुवात 'नमस्कार' किंवा 'हॅलो' या शब्दांनी करू नये. स्पीकरवर फोन ठेवून भांडी घासत असलेला माणूस हात पुसून धावत येतो, बोलायला तोंड उघडतो, आणि ते रेकॉर्डिंग निघते. असे तीनदा झाले, की चौथ्या वेळी खरा प्रतिनिधी बोलू लागला तरी तो लक्ष देत नाही आणि कॉल वाया जातो. याच कारणाने निवेदनाचा आवाज प्रतिनिधींच्या आवाजापेक्षा स्पष्टपणे वेगळा असावा, आणि निवेदनाआधी दोन सेकंद संगीत हळूहळू उतरवावे, एकदम तोडू नये.

टप्पा ५: आता संगीत आणि रंजक मजकूर निवडा

टेलिफोनच्या साध्या लाईनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. ढोलाचा घुमारा आणि बास गिटारचा तळ त्याच्या खाली राहतो. झांजांची चमक आणि तंतुवाद्यांची झळाळी त्याच्या वर. त्यामुळे घरच्या स्पीकरवर भारदस्त वाटणारे वाद्यवृंदाचे संगीत फोनवर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. मधल्या पट्टीत वाजणारे एकल वाद्य मात्र टिकते: पियानो, साधी गिटार, बासरी, क्लॅरिनेट. दोन-तीन वाद्यांहून अधिक गर्दी नसावी.

गायलेली गाणी शक्यतो टाळावीत. 'स' आणि 'श' या ध्वनींचा बराच भाग ३४०० हर्ट्‌झच्या वर असल्याने शब्द पुसट होतात, आणि मानवी आवाज कानावर पडताच कोणीतरी बोलत आहे असे क्षणभर वाटतेच. चढउतार फार असलेले संगीतही नको. त्याचे कारण पुढच्या टप्प्यात येईल.

एकाच गाण्यावर थांबू नये. टप्पा १ मध्ये मिळालेल्या आकड्याच्या किमान दीडपट लांबीची फीत असावी. नव्वदाव्या कॉलला आठ मिनिटे लागत असतील, तर बारा मिनिटांची. तीस सेकंदांचा तुकडा गरागरा फिरवत ठेवणे हे शांततेपेक्षाही वाईट, कारण त्या पुनरावृत्तीमुळे आपण किती वेळ थांबलो याची माणूस मोजदादच करू लागतो.

संगीताखेरीज काय ऐकवता येते? व्यवसायाशी संबंधित छोटी, खरी आणि उपयोगी माहिती चांगली चालते. रोपवाटिकेने कुंडीला पाणी केव्हा घालावे ते सांगावे, दंतवैद्याने ब्रश किती दिवसांनी बदलावा ते सांगावे. प्रश्नमंजूषाही रंगते: आधी प्रश्न, मग चाळीस सेकंद संगीत, मग उत्तर. फक्त उत्तर येण्याआधीच फोन उचलला गेला तर ते प्रतिनिधीला ठाऊक असले पाहिजे, म्हणून प्रश्नोत्तरांची यादी प्रत्येकाच्या मेजावर ठेवावी. 'आधी ते उत्तर सांगा' असे म्हणत हसत बोलणे सुरू करणारा ग्राहक मिळाला, तर त्या प्रतिनिधीचा दिवस चांगला जातो.

विनोद मात्र ठेवू नयेत. एकदा हसू येते. महिन्यात तिसऱ्यांदा फोन करणाऱ्याला तोच विनोद पुन्हा ऐकावा लागतो. क्रमशः कथा मध्येच शिरणाऱ्याला कळत नाही आणि बातम्या दुपारपर्यंत शिळ्या होतात. हरवलेले कार्ड, अपघात, मृत्यूनंतरचे दावे, वैद्यकीय तक्रारी अशा रांगांवर कोणतीही करमणूक नसावी; वेळेची माहिती आणि मंद वाद्यसंगीत एवढेच असावे.

निवडीचा अधिकार ऐकणाऱ्याला देता आला तर उत्तम: 'दुसरे संगीत हवे असल्यास २ दाबा, शांतता हवी असल्यास ३ दाबा.' कमी ऐकू येणाऱ्यांना आणि डोकेदुखीने बेजार झालेल्यांना शांततेचा पर्याय मोलाचा वाटतो. पूर्ण शांततेत फोन कट झाल्याचा भास होतो, म्हणून त्या पर्यायात दर अर्ध्या मिनिटाने एक हलका टोन ठेवावा.

*सावधान, हक्कांबाबत:* स्वतः ऐकण्यासाठी विकत घेतलेले किंवा मासिक वर्गणी भरून मिळवलेले गाणे व्यवसायाच्या फोनवर वाजवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. स्वररचनेचा हक्क आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळे असतात. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीची रचना मुक्त असली, तरी तिचे गेल्या वर्षी केलेले ध्वनिमुद्रण मुक्त नसते. रेडिओची तार यंत्रणेला जोडून देण्याचा जुना उपाय याच कारणाने धोक्याचा आहे. शिवाय त्यावर तुमच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात वाजली तर पंचाईत वेगळीच. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचे, म्हणजे काही अटींवर मोफत वापरता येणारे, संगीत घेताना 'अव्यावसायिक' अट असलेले वगळावे, आणि श्रेय देण्याची अट असल्यास ते संकेतस्थळावर कोठे द्यायचे ते ठरवून ठेवावे. सर्वांत बिनधोक मार्ग म्हणजे होल्डवरच्या वापराचा स्पष्ट उल्लेख असलेला परवाना विकत घेणे आणि त्याची प्रत फाईलसोबत जपून ठेवणे.

टप्पा ६: ध्वनिफाईल तयार करा

सर्वाधिक बिघाड येथे होतो आणि दोष मात्र गाण्याला दिला जातो. पुढील क्रम मोडू नये.

१. मूळ फाईल आवाजातले काहीही न गाळणाऱ्या स्वरूपाची घ्यावी, म्हणजे वेव्ह किंवा फ्लॅक. एमपी३ मध्ये आधीच बरेच काही गाळलेले असते. टेलिफोनची यंत्रणा त्यावर दुसऱ्यांदा गाळते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत होतो. शिवाय एमपी३ च्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित रिकामी जागा येते, त्यामुळे फीत फिरताना दर वेळी झटका बसतो.

२. स्टिरिओचे मोनो करावे आणि लगेच ऐकावे. रुंद पसरवलेले काही आवाज दोन्ही बाजू एकत्र येताच एकमेकांना खोडतात आणि एखादे वाद्य चक्क नाहीसे होते. तसे झाल्यास ते गाणे सोडून द्यावे.

३. ३०० हर्ट्‌झच्या खालचा आणि ३४०० हर्ट्‌झच्या वरचा भाग स्वतः कापावा. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत ४००० हर्ट्‌झच्या वरचे काहीही मावत नाही. ते आधी न कापता नमुने कमी केले, तर वरचे स्वर खाली दुमडून चिरचिरीत, बेसूर आवाज येतो.

४. आवाजाची चढउतार आवळून घ्यावी. अनेक यंत्रणा आणि मोबाईल फोन शांततेच्या जागा ओळखून तेथे आवाज पाठवणे थांबवतात किंवा 'गोंगाट' समजून दाबतात. संगीताचा मंद भाग त्यांना गोंगाटच वाटतो, आणि मग गाणे येते-जाते, येते-जाते. सरासरी पातळी पूर्ण क्षमतेच्या उणे २० ते उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत उंच टोके उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवावीत. त्याहून वर नेल्यास फोनवर आवाज फाटतो.

५. निवेदन आणि संगीत कानाला सारख्याच मोठ्या आवाजाचे वाटले पाहिजेत. मापकावर आकडे जुळले तरी खात्री कानानेच करावी.

६. शेवटी यंत्रणेला हव्या त्या स्वरूपात फाईल काढावी. बहुतेक ठिकाणी ८००० हर्ट्‌झ, १६ बिट, मोनो वेव्ह चालते.

कोडेक म्हणजे लाईनवरून पाठवण्यासाठी आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत. तिच्याबद्दल एवढे लक्षात ठेवावे. जी.७११ सेकंदाला ६४ किलोबिट वापरतो आणि संगीत बऱ्यापैकी सांभाळतो. जी.७२९ फक्त ८ किलोबिट वापरतो आणि तो माणसाच्या बोलण्याचा साचा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला आहे. त्यातून संगीत गुरगुरल्यासारखे बाहेर पडते, आणि फाईल कितीही सुधारली तरी ते सुटत नाही. लाईनवर जी.७२९ असेल, तर ती जी.७११ वर नेण्याबद्दल सेवा पुरवणाऱ्याशी बोलावे. ते शक्य नसल्यास संगीत कमी करून निवेदने वाढवावीत. जी.७२२ सारख्या रुंद पट्ट्याच्या कोडेकवर आवाज सुमारे ७००० हर्ट्‌झपर्यंत जातो, पण समोरच्याचा फोन आणि मधले जाळे तसेच असेल याची हमी नसते. म्हणून फाईल अरुंद पट्ट्यासाठीच सिद्ध करावी.

टप्पा ७: यंत्रणेत चढवा

जुन्या ईपीएबीएक्समध्ये बाहेरून आवाज देण्याचे छिद्र असते आणि त्याला प्लेअर जोडलेला असतो. तेथे आवाजाची पातळी प्लेअरवर ठरवून नॉबवर खूण करावी, नाहीतर साफसफाईच्या वेळी ती बदलते. नव्या यंत्रणेत फाईल थेट चढवता येते.

प्रत्येक कॉलला फीत सुरुवातीपासून ऐकवायची की अखंड फिरणाऱ्या फितीत त्याला सोडायचे, हे येथे ठरवावे. पर्याय असेल तर पहिला निवडावा, कारण प्रश्न आणि उत्तर यांचा क्रम त्यातच टिकतो. गाणी आलटूनपालटून लावण्याची सोय असल्यास ती फक्त संगीतासाठी वापरावी.

रांगेची आपोआप होणारी घोषणा आणि फितीत मिसळलेले निवेदन एकमेकांवर आदळतात, ही तक्रार फार नेहमीची आहे. यंत्रणेत ठरावीक काळाने घोषणा करण्याची सोय असेल, तर सगळी निवेदने तिच्याकडे सोपवावीत आणि फितीत केवळ संगीत ठेवावे. पहिली घोषणा रांगेत येताच, पुढच्या साधारण दर साठ ते नव्वद सेकंदांनी.

टप्पा ८: स्वतः होल्डवर बसा

कार्यालयातल्या संगणकावर फाईल ऐकणे म्हणजे चाचणी नव्हे. बाहेरून मोबाईलवरून, साध्या टेलिफोनवरून आणि इंटरनेट कॉलवरून, असे तिन्ही प्रकारे फोन करावेत. एकदा कानाला लावून, एकदा स्पीकरवर, एकदा रस्त्याच्या गोंगाटात. प्रत्येक वेळी फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा सुरू होईपर्यंत ऐकावी. कंटाळा येतो, आणि तो कोठे येतो हेच टिपायचे असते.

*तपासा:* फीत पुन्हा सुरू होताना खटका येतो का. निवेदन अर्ध्यावर असताना प्रतिनिधीने फोन उचलला, तर त्याचे पहिले शब्द ऐकू येतात का. २ किंवा ३ दाबल्यावर रांगेतली जागा कायम राहते का. काही यंत्रणांत ती जाते आणि माणूस नकळत मागे फेकला जातो. कॉल वळवल्यावर दुसरेच संगीत सुरू होते का. कार्यालय बंद झाल्यावर रांगेत उरलेल्यांना काय ऐकू येते. यांतली शेवटची चाचणी जवळपास कोणीच करत नाही, आणि बंद कार्यालयाच्या रांगेत मन लावून संगीत ऐकणारे लोक त्यामुळेच निर्माण होतात.

प्रतिनिधींची सवयही याच वेळी तपासावी. 'एक मिनिट हं' म्हणून कॉल होल्डवर टाकायचा आणि पाच मिनिटांनी परतायचे, हे कोणत्याही संगीताने झाकले जात नाही. होल्डवर टाकण्याआधी कारण सांगावे, वेळ सांगावा, होकार घ्यावा. आणि काम झाले नसले तरी दोन मिनिटांच्या आत परत येऊन तसे कळवावे.

टप्पा ९: मोजत राहा आणि शिळे काढून टाका

नवी व्यवस्था सुरू झाल्यावर महिनाभराने टप्पा १ ची नोंद पुन्हा काढावी. सोमवारची तुलना सोमवारशीच करावी. सणासुदीचे आणि बिलांच्या शेवटच्या तारखेचे दिवस बाजूला ठेवावेत. पहिल्या पाच-दहा सेकंदांत फोन ठेवणारे बहुधा चुकीचा नंबर लागलेले असतात, त्यांनाही वगळावे. उरलेल्यांनी नेमका कितव्या सेकंदाला फोन ठेवला, याचा आलेख काढला तर दोषाची जागा उघडी पडते: सत्तराव्या सेकंदानंतर अचानक गळती दिसत असेल, तर सत्तराव्या सेकंदाला काय वाजते ते ऐकावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गाणे, निवेदन आणि घोषणेचे अंतर एकदम बदलले, तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

रांगच कमी झाली म्हणून गळती कमी झाली असेल, तर त्याचे श्रेय संगीताला देऊ नये. तेवढ्याच लांबीच्या प्रतीक्षेत आता किती जण टिकतात, ही खरी तुलना आहे.

प्रत्येक निवेदनाच्या फाईलच्या नावातच ते काढून टाकण्याची तारीख लिहावी आणि ती पाहण्याचे काम नावानिशी एकाच व्यक्तीकडे द्यावे. संपलेल्या सवलतीची घोषणा दोन महिने वाजत राहिली, की प्रत्येक कॉलची सुरुवात वादाने होते. सर्व मूळ फाईल, परवान्यांच्या प्रती आणि यंत्रणेतल्या नोंदी यांचा एक संच यंत्रणेबाहेर ठेवावा. वीज जाऊन आल्यावर किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर काही यंत्रणा मुकाट्याने कारखान्यातल्या मूळ धूनवर परत जातात, आणि आतल्या कोणाच्याही कानावर ती पडत नसल्याने आठवडेच्या आठवडे कळत नाही. अशा प्रत्येक प्रसंगानंतर बाहेरून एक फोन लावून पाहावा.